'स्टॉपिंग'वर अडकलेला शनिवार

डेटाबेसचं अपग्रेड फसलं की आपण नव्या व्हर्जनला शिव्या घालतो. माझं मत विचाराल तर बऱ्याचदा घोळ जुनं व्हर्जन बंद करतानाच झालेला असतो, आणि घाई करणारे आपणच असतो.

पुरावा घरचाच. नोव्हेंबर २०२३, दिवाळीला सांगोल्यात होतो. मामांचा डाळिंबाचा व्यापार. (शंभरावी किसान रेल्वे डिसेंबर २०२० मध्ये आमच्या सांगोल्याहूनच शालिमारला सुटली, हे जाता जाता!) शेतकऱ्यांच्या पट्ट्या, उचल, सगळा हिशेब गाळ्यावरच्या एका विंडोज मशीनवर, मायएसक्यूएल ५.७ मध्ये. त्याचा सपोर्ट ऑक्टोबरमध्येच संपलेला. म्हटलं शनिवारी ८.० करून टाकू, तासाभराचं काम.

आधी शहाणपणा म्हणून जुन्या वर्षांच्या लाखो नोंदी डिलीट केल्या. मग इनोडीबीचं फास्ट शटडाउन सेटिंग ० केलं आणि सर्व्हिस थांबवली. ० म्हणजे डिलीट केलेल्याचा मागचा सगळा पसारा आवरल्याशिवाय सर्व्हर थांबत नाही. एरवी ते १ असतं. तेव्हा ही आवराआवर पुढे ढकलून तो नीट बंद होतो. अपग्रेडला तेही चाललं असतं. पण कचरा मीच केला आणि 'झाडल्याशिवाय उठू नकोस' असंही मीच सांगितलं!

स्क्रीनवर नुसतं 'स्टॉपिंग'. वीस मिनिटं झाली. मामा डोक्यावर उभे. "आरं, बंद करायला एवढा टाइम? बटन दाब की!" डिस्कचा आकडा हलत होता, म्हणजे काम चालू होतं. तरी मी एंड टास्क केलं. रोज लोकांना हेच करू नका म्हणून सांगणारा मी.

झालं, ८.० उठेचना. लॉगमध्ये कारण स्पष्ट होतं: क्रॅशनंतर अपग्रेड चालत नाही, ५.७ चा रीडू लॉग रिकामा नाही.

यावर नेटवर एक लाडका उपाय सापडतो: त्या लॉग फायली उडवा. हा सल्ला देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. कमिट झालेले पण मूळ फायलींत अजून न उतरलेले बदल त्यातच असतात. आमच्या बाबतीत ते म्हणजे कदाचित सकाळीच केलेल्या पट्ट्या. सोमवारी शेतकरी पैसे न्यायला आला आणि त्याची पट्टीच नसली, तर त्याला काय रीडू लॉग समजावणार?

नशिबाने ८.० चालू करण्याआधी अख्खं डेटा फोल्डर कॉपी केलं होतं. ते घेऊन पुन्हा ५.७ चालू केलं, त्याला रिकव्हरी करू दिली, पट्ट्या मामांच्या वहीशी ताडून पाहिल्या. सगळ्या होत्या. हुश्श.

तेव्हापासून अपग्रेडच्या प्लॅनमध्ये 'बंद करणे' यासाठी मी वेगळा वेळ लिहितो. मॅनेजर हसतात, हसोत.

त्या दिवशी दुसऱ्यांदा बंद व्हायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ मामांना चहाला बाहेर घेऊन गेलो.