फ्लॉपीत अडकलेली मराठी

काळ्या पडद्यावर लुकलुकणारी हिरवी अक्षरे, धूळ नको म्हणून दाराबाहेर काढलेली पादत्राणे आणि १.४४ एमबीची फ्लॉपी जिवापाड जपणारा कारकून. आयबीएमचा वैयक्तिक संगणक १९८१ साली बाजारात आला. पुढे तो आपल्या कचेऱ्यांत शिरला, त्या दिवसांच्या या आठवणी. त्यांत जरूर रमावे. परंतु त्या यंत्राला मराठी येत नव्हती, हेही स्मरणात ठेवावे.

ती शिकवली आपल्याच अभियंत्यांनी. कानपूरच्या आयआयटीत जन्मलेले आणि पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले 'जिस्ट' कार्ड संगणकात बसवले की इंग्रजीसाठी घडवलेल्या प्रणालींतही देवनागरी उमटे. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने 'इस्की' ही संकेतप्रणाली प्रमाणित केली. तिच्यामागची दृष्टी अस्सल भारतीय होती. आपल्या बहुतेक लिप्या ब्राह्मीच्या कन्या, वर्णक्रम मूलतः एक. मग 'क'ला संकेतही एकच. तो देवनागरीत दाखवायचा की बंगालीत, कन्नडमध्ये, एवढेच काय ते ठरवायचे. मराठीत टंकलेली नावांची यादी क्षणात कन्नड लिपीत वाचता येई!

परंतु विंडोजच्या पाठोपाठ अक्षरजुळणीचा व्यवसाय फोफावला आणि प्रत्येक कंपनीने आपापला फॉन्ट, आपापला संकेत रूढ केला. रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले. तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर निव्वळ कचरा. पुढे युनिकोडने ही बजबजपुरी संपवली. त्यातील देवनागरीची मांडणी 'इस्की'वरच बेतलेली आहे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. आज खेड्यातील आजीबाई भ्रमणध्वनीवर मराठीत निरोप धाडतात, हा लाभ लहान नव्हे.

मग मधल्या काळात जुळवलेल्या ग्रंथांचे, दिवाळी अंकांचे, प्रबंधांचे काय? ते जुन्या फॉन्टांत बंदिस्त आहेत. रूपांतराची साधने आहेत, पण जोडाक्षरे मोडतात, वेलांट्या भलतीकडे जातात. मुद्रितशोधकाला पर्याय नाही. मोडीची दप्तरे वाचकांअभावी पडून आहेत, अशी खंत आपण करतो. मोडी कागद निदान डोळ्यांना दिसतो, वाचणारा तयार करता येतो. फ्लॉपीतील मजकूर यंत्रावाचून दिसतही नाही, नव्या संगणकांत तिच्यासाठी खाच उरलेली नाही आणि तिच्यावरील चुंबकीय अंकन वर्षागणिक क्षीण होत आहे.

ज्या संस्थांच्या, प्रकाशकांच्या कपाटांत स्मरणिकांच्या, अहवालांच्या फ्लॉप्या पडून आहेत, त्यांनी त्या उतरवून घेणे, मजकूर युनिकोडमध्ये आणणे आणि छापील प्रतीशी ताडून पाहणे हे येत्या वर्षभराचे काम समजावे. कोणत्या फॉन्टमध्ये 'ज्ञ' कोणत्या कळेवर होता, हे मुखोद्गत असलेले अक्षरजुळणीकार अजून आपल्यात आहेत.