शंखावरची भाऊबंदकी

ओहोटीच्या वेळी कोकणच्या किनाऱ्यावर शंख चालताना पुष्कळांनी पाहिला असेल. आत मूळची गोगलगाय नसते. ती मेल्यावर घर बळकावून बसलेला खेकडा असतो. उत्तर अटलांटिकच्या किनाऱ्यांवर अशा शंखांच्या पाठीवर पुष्कळदा गुलाबट लव दिसते. ही लव म्हणजे खेकड्याचा पोटभाडेकरू. नाव हायड्रॅक्टिनिया.

लवेचा एकेक केस म्हणजे काही मिलिमीटर उंचीचा जीव. असे शेकडो जीव एका वसाहतीत, पण पोट सगळ्यांचे एक! बुडाशी पसरलेल्या चटईतून नळ्या जातात. एकाने गिळलेला घास त्यांतून सर्वांना पोचतो. कामे मात्र वाटून दिलेली. काही शिकार धरून खातात. काहींना तोंडच नसते, त्यांनी फक्त अंडी किंवा शुक्राणू तयार करायचे. शंखाच्या तोंडाशी दंश करणारे पहारेकरी. वसाहत एकतर सगळी नर, नाहीतर सगळी मादी.

खरी गंमत पुढेच आहे. एकाच शंखावर दोन अळ्या येऊन बसल्या, की वाढता वाढता दोन्ही वसाहतींची हद्द भिडते. जवळचे नाते असेल तर दोन्ही चटया जुळून एक होतात. नाते नसेल तर सरहद्दीवरच्या नळ्या फुगतात, त्यांत दंशपेशी भरतात आणि लढाई जुंपते. पुष्कळदा एक पक्ष मरेपर्यंत. ही ओळख पटवणाऱ्या दोन जनुकांचा शोध 2009 आणि 2010 साली लागला. दोन्हींत निदान एकेक प्रत समान असेल तर कायमचे एकत्र कुटुंब. एकातच जुळले, तर आधी मनोमिलन आणि काही दिवसांनी वाटणी! आपल्याकडे सख्ख्या भावांत बांधावरून कोर्टकचेऱ्या होतात. इथे सख्ख्यांना बहुतेकदा सारे माफ.

पण परक्याचा एवढा धसका कशासाठी? या प्राण्याच्या मूळपेशी चटईभर हिंडतात आणि त्यांतूनच अंडी वा शुक्राणू घडतात. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वसाहतीच्या स्वतःच्या मूळपेशी औषधाने मारून तिला दुसऱ्या वसाहतीचा तुकडा जोडला. पाहुण्या पेशी आत शिरल्या आणि हळूहळू सारी वसाहत पाहुण्यासारखी झाली. तिचे लिंगसुद्धा पाहुण्याचेच झाले.