रकान्यांतली सचोटी

हरिहरेश्वराची प्रदक्षिणा आटोपून परतणारा यात्रेकरू वाटेवरच्या दुकानापाशी थांबतो, मूठभर आमसुले उचलून नाकाशी धरतो, सुपारी तळव्यावर तोलून पाहतो आणि मगच भाव विचारतो. या दोनचार क्षणांत मालाची सगळी परीक्षा होऊन जाते. आमसूल ओले की सुके, मीठ बेताचे की भरमसाट, सुपारी भरीव की पोकळ, याचा निवाडा नाक आणि हात करतात व दुकानदाराचा चेहरा साक्षीला असतो. आता हाच माल ऑनलाईन दुकानातून पुण्या-नागपूरच्या घरी मागविता येतो. तेथे या तिन्हींची जागा छायाचित्राखालचे एक कोष्टक घेते. नाव, वजन, घटक, मूळ ठिकाण, टिकण्याची मुदत अशा रकान्यांचे हे कोष्टक म्हणजे दूरच्या गिऱ्हाइकाचा हात आणि विक्रेत्याचा शब्द, दोन्ही होय.

दुर्दैवाने ही कारकुनी बाब समजली जाते. छायाचित्रावर श्रम घेतले जातात, भावावर खल होतो आणि कोष्टक मात्र शेवटी, दुसऱ्याचे पाहून, कसेबसे भरले जाते. याचे परिणाम किरकोळ नसतात. ‘कोकम’ एवढेच नाव घातले की त्यातून काय समजावे? रातांब्याच्या साली पुन्हापुन्हा रसात भिजवून वाळविल्या की त्यांची आमसुले होतात. मीठ घालून टिकविलेला रस म्हणजे आगळ. साखरेच्या पाकातले ते सरबत. कोकणाबाहेरचे गिऱ्हाईक सरबत समजून आगळ मागविते, पहिल्याच घोटाला तोंड वाकडे करते आणि माल परत धाडते. मीठ आणि साखर यांचा एकेक रकाना असता तर हा मनस्ताप दोघांचाही टळला असता.

कोष्टकाचे एक शास्त्र आहे आणि ते अवघड नाही. प्रत्येक जातीच्या मालाला त्याचे स्वतःचे रकाने हवेत. आंब्याला फळाचे वजन आणि पिकण्याची अवस्था, सुपारीला आकार आणि वाळवण, पापडाला पीठ आणि मीठ. आकडा आणि त्याचे परिमाण वेगळे लिहावे. एकाने ‘अर्धा किलो’, दुसऱ्याने ‘५०० ग्रॅम’ आणि तिसऱ्याने ‘०.५ किलो’ असे लिहिले, तर माणसाला ते एकच वाटते. संगणकाच्या चाळणीला मात्र ती तीन निरनिराळी मापे दिसतात आणि शोधणाऱ्याच्या नजरेतून दोघांचा माल गळून पडतो. म्हणून जेथे शक्य आहे तेथे मोकळे लेखन न ठेवता ठरलेल्या शब्दांतून निवड करू द्यावी. शेर आणि पायली जाऊन किलो व लिटर आले तेव्हा देशाने हाच धडा घेतला होता.

कायद्यानेही काही पावले टाकली आहेत. आवेष्टित वस्तूंसंबंधीच्या २०११ च्या नियमांत दुरुस्ती होऊन १ जानेवारी २०१८ पासून उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत आदी माहिती ऑनलाईन दुकानातही दाखविणे बंधनकारक झाले. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी विक्रेत्याकडून वर्णन व चित्रे अचूक असल्याची हमी घेण्याची जबाबदारी अशा बाजारपेठेवर टाकली. तथापि २०१८ पासूनच्या त्या सक्तीतून मालाचा उत्पादनाचा किंवा पॅकिंगचा महिना व वर्ष मात्र वगळण्यात आले. ताजे आमसूल आणि काळे पडलेले जुने आमसूल यांतला फरक जाणणाऱ्याला ही सवलत खटकल्यावाचून राहणार नाही. कायद्याने सोडून दिलेला हा रकाना सचोटीने भरणे, यातच चांगल्या विक्रेत्याची ओळख आहे.

मूळ ठिकाणाच्या रकान्यात तर अधिकच सावधगिरी हवी. हापूसला २०१८ साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, ठाणे, पालघर यांच्याबरोबर रायगड जिल्हाही आहे. कोकमाचे मानांकन मात्र सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी या दोनच जिल्ह्यांचे. हरिहरेश्वराहून सावित्रीच्या मुखापलीकडे दिसणारे बाणकोट रत्नागिरीत मोडते. हवा तीच, समुद्र तोच. तरीही अलीकडच्या कोकमाला ते मानांकन लावणे हे असत्यच ठरेल. रायगडच्या मालाने रायगडचे नाव अभिमानाने लावावे. उसन्या नावाने मिळालेली किंमत टिकत नाही.

यावर आक्षेप असा घेतला जाईल की, घरगुती माल विकणाऱ्या बचत गटातील स्त्रियांवर हा नवा बोजा कशाला? आक्षेपात तथ्य आहे. कारखानदारी मालासाठी बेतलेले तयार साचे आमसुलालाही ‘मॉडेल क्रमांक’ आणि ‘वॉरंटी’ विचारतात. रकाना सोडला तर नोंदच पुढे सरकत नाही, आणि मग काहीतरी खोटे भरणे भाग पडते. हा दोष विक्रेतीचा नाही, साचा बनविणाऱ्याचा आहे. गैरलागू रकाना रिकामा ठेवण्याची मुभा असलीच पाहिजे. खोट्या उत्तरापेक्षा रिकामी जागा शतपटीने प्रामाणिक असते.

मात्र गैरलागू आणि गैरसोयीचे यांत गल्लत होता कामा नये. श्रीवर्धनी रोठा सुपारीचे नाव मोठे आहे. परंतु कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सुपारी कर्ककारक ठरविली, हेही तितकेच खरे. पूजेची सुपारी आणि खाण्याची सुपारी यांच्या कोष्टकांत हा भेद स्पष्ट दिसावयास हवा.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने श्रीवर्धन तालुक्यातील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. पोफळ लावल्यापासून फळ धरायला पाच ते सात वर्षे लागतात. त्यानंतर लावलेल्या रोपांचे उत्पन्न आता कुठे हाती येऊ लागेल, तेव्हा ते निनावी माल म्हणून व्यापाऱ्याच्या पोत्यात जाणार की स्वतःच्या नावागुणांसह गिऱ्हाइकापर्यंत पोहोचणार, हा खरा प्रश्न आहे. त्यासाठी गावच्या बागायतदारांनी आणि बचत गटांनी एकत्र बसून आपल्या मालाचे रकाने, मापे आणि शब्द आधी ठरवावेत. शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी त्यांना भाषेची आणि हिशेबाची मदत करावी. एका सुट्टीत होण्याजोगे हे काम आहे. समोरासमोरच्या व्यवहारात शब्द फिरविला तर तो दोघांतच राहतो; कोष्टकात लिहिलेला शब्द हजारो अनोळखी माणसे वाचतात, आणि त्यावरूनच गावाची पत ठरते.