देणगी नव्हे, देणे

चैत्र पौर्णिमा जवळ आली की खानदेशातून सप्तशृंग गडाकडे निघालेल्या पदयात्रेकरूंचे थवे कळवणच्या रस्त्याने नांदुरीकडे जाताना दिसू लागतात. त्या दिवसांत वाटेवर ठिकठिकाणी मांडव पडतात. कोठे थंड पाणी, कोठे खिचडी, कोठे फोड आलेल्या तळपायांवर लावण्यास मलम. ही सेवा करणारी माणसे कोणाची पगारी नोकर नसतात. यात्रा संपते, मांडव उतरतो, भांडी घासून परत जातात, आणि झालेल्या खर्चाची याचना करावयास कोणी नगरपंचायतीच्या पायऱ्या चढत नाही. चढूही नये. चार दिवसांची सेवा उत्साहावर चालते, आणि तो उत्साह या मुलखात उदंड आहे.

आमचा प्रश्न वर्षाच्या उरलेल्या दिवसांचा आहे.

कळवण तालुका हा खरोखर दोन तालुक्यांचा एक तालुका आहे. गिरणेच्या व चणकापूरच्या पाण्यावर कांदा आणि डाळिंब पिकविणारा एक. आणि पश्चिमेच्या डोंगरांत एका पावसाच्या पिकावर जगून, भात-नागली घरात आली की दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीस उतरणारा दुसरा. या दुसऱ्या तालुक्यातील मुलांचा अभ्यास कोणी घ्यावा, मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांची विचारपूस कोणी करावी, उपजिल्हा रुग्णालयाच्या दारात कागद हातात घेऊन गोंधळून उभ्या राहिलेल्या बाईस योग्य खिडकीपाशी कोणी न्यावे? सरकारचा कर्मचारी हे सारे करील, असे म्हणणे सोपे आहे. प्रत्यक्षात हे काम जेथे होते तेथे ते बहुधा एखादी लहानशी संस्था, एखादे मंडळ, एखादी निवृत्त शिक्षिका करीत असते. अशा कामास उत्साह लागतोच. परंतु त्याबरोबर दरमहा खोलीचे भाडे, विजेचे बिल आणि निदान एका माणसाचे पोट भरेल इतके वेतनही लागते. संस्था बुडतात त्या येथे.

स्थानिक स्वराज्य संस्थांकडे पैसाच नाही, हे उत्तर आम्हांस पुरते पटत नाही. पैसा थोडा आहे हे खरे. पण जो आहे त्याची प्रकृती विचित्र आहे. त्याला दगड, सिमेंट आणि लोखंड आवडते, माणूस आवडत नाही. समाजमंदिर बांधण्यास निधी मिळतो; त्या समाजमंदिरात संध्याकाळी दिवा लावून मुलांना बसविणाऱ्यास मिळत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी ग्रामपंचायतींना जे अनुदान दिले, त्याचा 60 टक्के भाग पाणी व स्वच्छतेस बांधलेला होता, आणि उरलेला ‘अबंधित’ म्हणविला जाणारा भागही वेतनावर व आस्थापनेवर खर्च करण्यास मनाई होती. गैरव्यवहार टाळण्याचा हेतू आम्हांस समजतो. परंतु परिणाम असा की, गावोगाव व्यायामाची लोखंडी साधने उन्हात तापत उभी राहिली आणि वाचनालयाचे कुलूप उघडावयास माणूस मिळेना.

वाचनालयांचे उदाहरण घेण्यास कारण आहे. 1967 च्या कायद्याने महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालयांना शासकीय अनुदानाचा हक्क मिळाला. स्वयंसेवी संस्था चालवितात आणि शासन वर्गवारीप्रमाणे ठरावीक रक्कम देते, अशी ही व्यवस्था देशात अभिमानाने सांगण्याजोगी होती. तिची पुढे काय गत झाली? 2012 साली दर वाढले, आणि त्यानंतर दहा वर्षे ते जागचे हलले नाहीत. या दहा वर्षांत ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयास वर्षाचे 30 हजार रुपये मिळत होते. म्हणजे महिन्याचे अडीच हजार. त्यात ग्रंथ, वर्तमानपत्रे, दिवाबत्ती आणि ग्रंथपाल! 2022 मध्ये 60 टक्के वाढ मंजूर झाली तेव्हा पुष्कळांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण तो आकडा महिन्याच्या हिशेबाने चार हजारांपर्यंतच पोहोचला, हे विसरता येत नाही.

येथे आम्हांस आमच्याच जिल्ह्याच्या एका सुपुत्राची आठवण द्यावीशी वाटते. मालेगाव तालुक्यातील कवळाणे गावी जन्मलेले सयाजीराव गायकवाड बडोद्याच्या गादीवर गेले, आणि 1910 साली त्यांनी अमेरिकेहून बॉर्डन या ग्रंथालयतज्ज्ञास बोलावून आपल्या राज्यात गावोगाव वाचनालयांचे जाळे विणण्यास प्रारंभ केला. त्या योजनेतील पैशाची रचना फार शहाणपणाची होती. खर्चाचा एक वाटा गावाने वर्गणीने उभा करावयाचा, एक प्रांतपंचायतीने द्यावयाचा आणि एक सरकारने. गावाने आपला वाटा उभा केला की इतरांचा मिळे. तो कोणाच्या मेहेरबानीवर अवलंबून नसे. राजेशाहीत जे नियमाने मिळत होते, ते लोकशाहीत एखाद्या सदस्याची मर्जी संपादून मिळवावे लागावे, हा उलटा न्याय आहे.

आमच्या या म्हणण्यावर पहिला आक्षेप येईल तो बोगस संस्थांचा, आणि तो हलका नाही. त्याच 2012 साली महसूल यंत्रणेने राज्यभरच्या ग्रंथालयांची तपासणी केली तेव्हा कित्येक ग्रंथालये केवळ कागदावर आढळली. फलक आहे, शिक्का आहे, अध्यक्ष-सचिव आहेत, वाचक मात्र नाहीत. या चोरांना झोडपावे तितके थोडेच. परंतु त्यानंतर नव्या ग्रंथालयांना मान्यता देणेच थांबले, आणि चोराबरोबर साव सुळावर गेला. तपासणी करणे कष्टाचे असते, दार लावून घेणे सोपे असते. आमच्या शासनयंत्रणेने सोपे ते केले.

दुसरा आक्षेप आम्हांस अधिक विचारात पाडतो. अनुदान घेणारी संस्था देणाऱ्याची बटीक होत नाही काय? दादासाहेब बिडकरांनी डांग सेवा मंडळाच्या द्वारे पेठ-सुरगाण्याच्या रानात शिक्षण नेले, तेव्हा त्यांच्या मागे अंदाजपत्रक नव्हते. पुढे 1953-54 पासून तत्कालीन मुंबई राज्याने स्वयंसेवी संस्थांच्या आश्रमशाळांना अनुदान देण्यास सुरुवात केली, आणि या योजनेने हजारो आदिवासी मुले शिकली. पण अनुदानाबरोबर शिक्षणसंस्थांची ठेकेदारीही आली, हे कोणी नाकारू नये. गावपातळीवर तर धोका अधिक जवळचा. पाच हजारांच्या धनादेशासाठी संस्थेच्या कार्यक्रमात पंचवीस फोटोंचा फलक लावावा लागतो, आणि निवडणुकीत कार्यकर्ते कोणाच्या मागे फिरले याचा हिशेब पुढल्या वर्षी घेतला जातो. ज्यांनी हा अनुभव घेतला आहे असे काही प्रामाणिक कार्यकर्ते म्हणतात, आम्हांस ते पैसेच नकोत. त्यांच्या स्वाभिमानापुढे आम्ही नम्र आहो. तथापि त्या स्वाभिमानाची किंमत अखेर अभ्यासवर्ग बंद पडलेली मुले देतात.

म्हणून आमचे म्हणणे असे की, हे अनुदान देणगी म्हणून नव्हे, केलेल्या कामाचे देणे म्हणून द्यावे. देण्याला नियम असतो, मुदत असते, पावती असते. कोणत्या कामासाठी, किती रक्कम, कोणत्या निकषावर, हे आधी जाहीर व्हावे. अर्ज व मंजुरीची यादी कार्यालयाच्या फलकावर लागावी. करार एका वर्षाचा नसून तीन वर्षांचा असावा. दर मार्चला जिवाची धाकधूक होत असेल तर कोण माणूस नेमील? आणि हिशेब तपासणी केवळ लेखापरीक्षकाकडून न होता ग्रामसभेतही वाचली जावी. बोगस मंडळाला लेखापरीक्षक फसेल, शेजारीपाजारी फसणार नाहीत.

पैसा कोठून, असे विचारणारांनी आपल्याच दप्तरात डोकवावे. स्वउत्पन्नाचा 5 टक्के भाग दिव्यांगांसाठी राखून ठेवण्याचे बंधन ग्रामपंचायतीपासून नगरपंचायतीपर्यंत सर्वांवर आहे; पुष्कळ ठिकाणी तो वर्षभर पडून राहतो आणि वर्षअखेरीस घाईघाईने वाटला जातो. अनुसूचित क्षेत्रातील गावांना 2015 च्या निर्णयानुसार आदिवासी उपयोजनेचा 5 टक्के निधी थेट मिळतो, आणि आरोग्य व शिक्षण ही त्याच्या खर्चाची मान्य कलमे आहेत. हा निधी कसा वापरावा हे ग्रामसभेने ठरवावयाचे आहे, ठेकेदाराने नव्हे. जिल्हा परिषदेचा सेस आहे. पण त्या परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपून कारभार प्रशासकाकडे गेला आणि पुढे तीन वर्षे उलटली तरी निवडणूक झाली नव्हती. ज्या सभागृहात अशा संस्थांची बाजू मांडावयाची ते सभागृहच इतका काळ रिकामे राहावे, याची खंत कोणाला वाटल्याचे फारसे दिसले नाही.

सभागृह आहे ते कळवण नगरपंचायतीचे. त्यातील 17 सदस्यांनी अंदाजपत्रक हाती घ्यावे आणि ‘स्वयंसेवी सेवाकार्य’ असे एक स्वतंत्र शीर्ष त्यात उघडावे. रक्कम पहिल्या वर्षी लहान असली तरी आमची तक्रार नाही. मात्र ती एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संस्थेच्या खात्यात जमा व्हावी, 31 मार्चच्या रात्री नव्हे.