शंकेवरून हलाल-हराम ठरतं का?

28 ऑगस्ट 2024. धुळे-सीएसएमटी एक्स्प्रेसमध्ये इगतपुरीच्या आसपास 72 वर्षांच्या एका बुजुर्गांना तरुणांच्या टोळक्याने मारहाण केली. ते जळगाव जिल्ह्यातून कल्याणला मुलीकडे निघाले होते, सोबत बरण्यांत मटण होतं. म्हशीचं आहे, असं ते सांगत राहिले. व्हिडिओ पसरल्यावर ठाण्याच्या रेल्वे पोलिसांनी गुन्हा नोंदवला. त्याच्या आदल्या वर्षी, 8 जूनला, कसाऱ्याजवळ विहीगावात गुरांचा टेम्पो अडवला गेला. टेम्पोतल्या 23 वर्षांच्या तरुणाचा मृतदेह दोन दिवसांनी घाटनदेवीच्या दरीत सापडला.

आपल्या दीनमध्ये खाण्याचा निकाल कसा लागतो ते पाहा. सूरह बकराच्या 173व्या आयतीत हराम गोष्टी मोजून सांगितल्या आहेत: मेलेलं जनावर, रक्त, डुकराचं मांस आणि अल्लाहशिवाय दुसऱ्याच्या नावाने कापलेलं. त्यातही जीवावर बेतलेल्या माणसाला सवलत आहे. बुखारी शरीफमध्ये हजरत आयेशा (रजि.) यांची हदीस आहे. नव्याने इस्लाम स्वीकारलेले लोक मटण आणून देतात, त्यावर अल्लाहचं नाव घेतलं की नाही ठाऊक नाही, असं लोकांनी विचारलं. तुम्ही बिस्मिल्लाह म्हणा आणि खा, असं हुजूर (स.) यांनी सांगितलं. म्हणजे शंका आली म्हणून दुसऱ्याच्या ताटाची झडती घ्यायची नाही. स्वतः परहेज करायचा असेल तर खुशाल करावा.

कायदाही फार वेगळं बोलत नाही. मार्च 2015 पासून महाराष्ट्रात गाय, बैल, वळू कापायला बंदी आहे. बैलाचं मटण शरियतने हलाल असलं तरी फर्ज नाही. ते सोडल्याने आपल्या इमानचं काही कमी होत नाही, आणि बंदी पाळायलाच हवी. म्हैस मात्र या बंदीत नाही, प्रमाणपत्र घेऊन ती कापता येते. आरोपीनेच आपलं निर्दोषत्व सिद्ध करावं, असं कलम 9ब सांगत होतं. मुंबई हायकोर्टाने 6 मे 2016 ला ते रद्द केलं. परराज्यात कापलेलं गोमांस जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलमही त्याच निकालात गेलं. गाडी थांबवून तपासायचा अधिकार फौजदार किंवा त्यावरच्या पोलिसाला, नाहीतर सरकारने नेमलेल्या माणसाला. रेल्वेच्या डब्यातल्या पोराटोरांना तो कोणी दिला?

तेव्हा प्रश्न गोमांसाचा उरत नाही. कसारा घाटात शंका हाच पुरावा धरला जातोय, आणि बरणीत काय आहे हे मारून झाल्यावर तपासलं जातं.

बड्याचं मटण घेऊन प्रवास करायचा तर खाटकाकडून तारीख टाकलेलं बिल घ्या. बिल मार थांबवणार नाही, हे आम्हालाही कळतं. पण पुढे पोलीस ठाण्यात आणि कोर्टात कामाला येतं. गाडीत कोणी अडवलं तर 139 वर फोन करा. शेजारच्या बाकावर बसलेल्यांनीही करावा.