सोळाव्या वर्षी कुणालाही मोडीत काढू नका



नोएडातील आमच्या सोसायटीत राहणाऱ्या एका सोळा वर्षांच्या मुलीला तिच्या खासगी अकादमीने गेल्या आठवड्यात सराव बंद करायला सांगितले. कारण काय, तर 20 वर्षांखालील आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या पात्रता वेळेच्या ती जवळपासही नाही, म्हणून तिला ‘भविष्य नाही’. मुलगी 3000 मीटर धावते आणि दर हंगामात तिची वेळ सुधारते आहे. 2030 ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार, 2036 चे ऑलिंपिकही आपण मागतो आहोत, तेव्हा आता ‘रिझल्ट’ देणारीच मुले हवीत, असे तिच्या वडिलांना ऐकवण्यात आले. हे ऐकून संताप आला, म्हणून हे पत्र.

हाच न्याय लावला असता तर अविनाश साबळे कुठे असता? आष्टी तालुक्यातील मांडव्याचा हा मुलगा बारावीनंतर सैन्यात गेला, सियाचिनला राहिला आणि 2015 मध्ये क्रॉसकंट्रीकडे वळला. तोवर ज्युनियर गटाचे दार त्याच्यासाठी केव्हाच बंद झाले होते. त्याच अविनाशने 2023 मध्ये हांगझोऊला 3000 मीटर स्टीपलचेसचे आशियाई सुवर्ण जिंकले आणि पुढच्या वर्षी पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये 8 मिनिटे 09.91 सेकंद अशी वेळ दिली. माण तालुक्यातील मोहीच्या ललिता बाबर यांनी रिओ ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली तेव्हा त्या 27 वर्षांच्या होत्या.

दिल्लीकरांना महाराष्ट्र लांब वाटत असेल तर त्यांनी मेरठकडे पाहावे. पारुल चौधरी हिने 5000 मीटरचे आशियाई सुवर्ण जिंकले ते 28 व्या वर्षी. अलीगढ जिल्ह्यातील गुलवीर सिंग सैन्यात जाऊन घडला आणि 2025 मध्ये, 26 व्या वर्षी, त्याने 10,000 मीटर 27 मिनिटे 00.22 सेकंदांत पूर्ण केले.

आता दुसरी बाजू पाहा. जागतिक 20 वर्षांखालील स्पर्धेत 2024 च्या लिमापर्यंत भारताने भाला, थाळी, उड्या, 400 मीटर, रिले आणि चालण्याच्या शर्यतीत पदके मिळवली. लांब पल्ल्याच्या धावण्यात मात्र शून्य. पुन्हा लिहितो, शून्य. म्हणजे आपले या पल्ल्याचे मोठे धावपटू ज्या वाटेने आलेच नाहीत, तीच वाट आपण मुलांना एकमेव म्हणून दाखवतो आहोत.

यावर केनियाचा धावपटू एलियुड किपचोगे याचे नाव पुढे केले जाते. 2003 मध्ये तो ज्युनियर क्रॉसकंट्रीचा जगज्जेता झाला आणि त्याच वर्षी 5000 मीटरमध्ये मोठ्यांचाही, हे खरेच आहे. पण हिमा दासने सुवर्ण जिंकले ती 2018 ची टॅम्पेरेची जागतिक 20 वर्षांखालील स्पर्धा आठवा. तिथे मुलांच्या 5000 मीटरमध्ये एडवर्ड झकायो पहिला, स्टॅनली वैथाका दुसरा आणि नॉर्वेचा याकोब इंगेब्रिग्टसेन तिसरा आला. पुढे तिसऱ्याने दोन ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली, दुसऱ्याने 2022 मध्ये 10,000 मीटरचे जागतिक रौप्य मिळवले आणि पहिल्याच्या नावावर मोठ्यांच्या गटातले एकही जागतिक वा ऑलिंपिक पदक नाही. जगातल्या सर्वोत्तम मुलांचा क्रम इतका फिरतो, तर नोएडातल्या मुलीचे भविष्य एका पात्रता वेळेवरून कोण सांगणार? मुलींच्या बाबतीत तर हे अधिकच अन्यायाचे आहे. वयात येताना शरीर बदलते, एक-दोन हंगाम वेळ अडकते, प्रसंगी वाढतेही. नेमक्या त्याच वर्षांत आपण त्यांना नापास करतो.

या घाईचे फळ दिल्लीने पाहिलेले आहे. सप्टेंबर 2023 मध्ये जवाहरलाल नेहरू स्टेडियमवरील दिल्ली राज्य स्पर्धेत उत्तेजक चाचणी घेणाऱ्या ‘नाडा’चे पथक येताच खेळाडू पसार झाले. 100 मीटरच्या अंतिम फेरीत एकच धावपटू उरला. स्वच्छतागृहात सिरिंज सापडल्या. ज्युनियर गटातील एक मुलगी स्टीपलचेस संपल्यावरही तपासणी टाळण्यासाठी धावतच राहिली. त्या मुलीला दोष देऊन आपण मोकळे होऊ नये. आजच पदक दाखव, नाहीतर घरी जा, असे सांगणारी मोठी माणसेच त्या सिरिंजला जबाबदार आहेत.

आणखी एक. निवड चाचण्या आणि शालेय स्पर्धा ऐन धुरक्याच्या दिवसांत का घेतात? शालेय स्पर्धा पुढे ढकलण्याचा विचार करा, हे 2025 च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. अशा हवेत लांब पल्ल्याची शर्यत लावणे हा मुलांच्या फुप्फुसांवरचा अत्याचार आहे आणि तिथे नोंदलेल्या वेळेवरून कुणाची लायकी ठरवणे हा दुसरा अन्याय.

ज्युनियर स्पर्धा जरूर व्हाव्यात. परदेशी मुलांच्या खांद्याला खांदा लावून धावण्याचा अनुभव मोलाचा आहे. पण ती परीक्षा शेवटची मानू नये. क्रीडा संघटनांनी आणि अकादम्यांनी मुलाची वर्षागणिक प्रगती पाहावी आणि विशी उलटेपर्यंत कुणालाही ‘भविष्य नाही’ असे सांगू नये. पालकांना हात जोडून विनंती आहे, तसे कुणी सांगितले तर प्रशिक्षक बदला, मुलीचे धावणे थांबवू नका.

एक वाचक, नोएडा