शाळा आणि दवाखाना यांमधली भिंत

मुलाला ताप आला तर शाळा त्याच दिवशी घरी निरोप धाडते. मुलाचे मन आजारी पडले तर मात्र प्रगतिपुस्तकावर ‘लक्ष नाही’ एवढाच शेरा उमटतो. हा भेद आम्हांला मान्य नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीवन संपविले. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील होते, सर्व राज्यांत सर्वाधिक. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक नेमण्यास सांगितले. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावा, असेही बजावले.

परंतु नेमणूक झाली की कर्तव्य संपले, असे मानणाऱ्यांशी आमचे भांडण आहे. डॉक्टर मुलाला महिन्यातून अर्धा तास पाहतो. शिक्षिका रोज पाहते. डबा न उघडणारा, मधल्या सुट्टीत एकटा बसणारा मुलगा प्रथम तिलाच दिसतो. घरी क्रिओल आणि शाळेत मराठी बोलणारे कोर्लईचे लेकरू आपले दुःख कोणत्या भाषेत सांगेल, हेही तिलाच उमगेल. मात्र निदान करणे हे तिचे काम नव्हे. एकाकडे दृष्टी, दुसऱ्याकडे विद्या. दोघांची गाठ पडली नाही तर मूल मधल्या मध्ये हरवते.

‘मग गुप्ततेचे काय?’ असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. मुलाने विश्वासाने सांगितलेले शिक्षकांच्या खोलीत चर्चेला येता कामा नये. शिक्षिकेला आजाराचे नाव नको. त्याला कोठे बसवावे, परीक्षेत किती सवलत द्यावी, केव्हा तातडीने कळवावे, एवढेच हवे. तेही मुलाला विचारून, पालकांच्या संमतीने.

आणि पालकांनो, ‘लोक काय म्हणतील’ ही भीती आपणच पोसली. १९१७ च्या धर्मसंहितेने जाणूनबुजून आत्मघात करणाऱ्यास ख्रिस्ती दफन नाकारले होते. १९८३ च्या संहितेने तो नियम ठेवला नाही. ख्रिस्तसभेने टाकलेली कठोरता आपण ओटीवरच्या कुजबुजीत का जपावी? प्रार्थना अवश्य करावी. परंतु तापाला प्रार्थनेबरोबर औषध देणारे आपण मनाच्या दुखण्याला केवळ उपदेश का देतो?

जिल्हा रुग्णालय अलिबागेतच आहे. १४४१६ ही शासनाची ‘टेलिमानस’ सेवा रात्रंदिवस विनामूल्य आहे. येत्या पालकसभेत प्रत्येक कुटुंबाने मुख्याध्यापकांना एकच प्रश्न विचारावा: आमचे मूल खचले, तर तुम्ही कोणाला बोलावणार? उत्तर नावानिशी मिळेपर्यंत सभेतून उठू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.